ट्रॅकवरून आलेली आरसी ३९०: आधी मोजा, मग पार्ट मागवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोइम्बतूरच्या एका रेसरकडून २०१८ची केटीएम आरसी ३९० घेतलीत. फायबरचं फेअरिंग, रेसिंगचे फूटरेस्ट, दिवे-आरसे काढलेले. तीन तक्रारी आहेत: जोरात ब्रेक मारला की हँडल थरथरतं, इंजिनात हेडकडून टकटक ऐकू येते, आणि पाचवा-सहावा गिअर टाकताना मध्येच न्यूट्रल लागतो. आरसीवाल्या मित्रांना विचारलंत, तर एक म्हणाला स्टिअरिंग डॅम्पर (हँडलचे झटके शोषणारा पार्ट) लाव, दुसरा पिस्टन किट टाक, तिसरा गिअरबॉक्स खोल, चौथा पुढच्या शॉकअपमध्ये कार्ट्रिज (आतला डॅम्पिंगचा तयार संच) बसव. खिशात चाळीस हजार, आणि दोन महिन्यांनी चेन्नईला ट्रॅक डे, म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवायचा दिवस. सुरुवात कुठून करू, असं विचारलंत.

त्या चौघांपैकी कुणीही खोटं बोलत नाहीये. प्रत्येकाने स्वतःच्या गाडीला जे लागू पडलं ते सांगितलं. पण त्यांच्यापैकी कुणी तुमच्या गाडीला हात लावलेला नाही. त्यांच्याकडून पार्टाचं नाव घेऊ नका, माहिती घ्या. पिस्टन बदलला म्हणाला, तर विचारा: खोलल्यावर काय दिसलं? मोजमाप किती आलं? बदलल्यावर आवाज गेला का? या तीन प्रश्नांना उत्तर देणारा मित्र सोन्यासारखा, त्याला चहा पाजा. "अरे सगळ्यांच्या गाड्यांना होतं ते" म्हणणारा माणूस चांगला असेल, पण त्याच्या शब्दावर हेड उघडू नका.

बाकी बरंचसं गाडी आधी कशी वापरली यावर ठरतं, आणि ते मला इथे बसून दिसत नाही. कोइम्बतूरची गाडी म्हणजे बहुतेक करी स्पीडवेवर फिरलेली. तो ट्रॅक छोटा, त्यामुळे ब्रेक, क्लच आणि गिअर यांना उसंत नसते. किलोमीटर बघून काही कळणार नाही. अशा गाडीचं आयुष्य तासांत मोजतात, शिवाय पुढच्या चाकाचा सेन्सर काढलेला असेल तर मीटर पुढे सरकलेलाच नसतो. जुन्या मालकाला दोन गोष्टी सरळ विचारा: शेवटचे टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) कधी तपासले, आणि गाडी कुठल्या बाजूवर किती वेळा पडली. पडली नाही असं म्हणाला तर फोन ठेवा आणि फ्रेम बघा.

तर आता हँडल. तिन्ही तक्रारींत जीवावर बेतणारी हीच, म्हणून वेळ आणि पैसा दोन्ही आधी इथे.

थरथर कशी आहे ते नीट ओळखा. ब्रेकचा लिव्हर बोटाला ठोके देतो का? देत असेल तर डिस्क आणि पॅडकडे बघायचं. लिव्हर शांत आहे पण हँडल डावी-उजवीकडे हलतं, तर कोनसेट (हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं तो संच), शॉकअप, टायर किंवा चाकाचं बेअरिंग. आणि ब्रेक दाबताना एक "टक्", सोडताना पुन्हा एक "टक्" असेल, तर कोनसेट ढिला, यात फारशी शंका नको.

कोनसेट तपासायला पुढचं चाक अधांतरी हवं. मागे पॅडॉक स्टँड लावा, इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकने हळू उचला, आणि कुणाला तरी गाडी धरून उभं करा. डॅम्पर असेल तर सोडवा, केबल कुठे ओढल्या जात नाहीत ना ते बघा. आता हँडल एका बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवा. बरोबर मधे, चाक सरळ असताना, हँडल आपण होऊन एखाद्या खाचेत बसल्यासारखं अडकतंय का? तीच ती खाच. ट्रॅकवरच्या गाडीचे बेअरिंग सरळ रेषेत ब्रेक खाऊन खाऊन त्याच एका जागी दबतात. अशी गाडी सरळ चालताना बारीक बारीक डुलते आणि ब्रेक मारला की थरथरते. वरून नट आवळून हे जात नाही, उलट खाच अजून खोल जाते. सेट बदलायचा. मग दोन्ही शॉकअपचे खालचे पाय धरून पुढे-मागे ढकला. वरच्या बाजूला बोट ठेवलं तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, कळतो.

तुमच्या मित्राचा स्टिअरिंग डॅम्पर मी या कारणासाठी आत्ता नको म्हणतो. खाच पडलेल्या कोनसेटवर डॅम्पर लावला की थरथर कमी होते, पण दोष तिथेच राहतो. मग तो बिघाड पुढे कधीतरी कळतो, आणि कळतो तेव्हा तुम्ही मेन स्ट्रेटच्या टोकाला असता.

कोनसेट बरा निघाला तर शॉकअप. पडलेल्या गाडीत शॉकअप वाकतातच असं नाही, पण टी मध्ये (दोन्ही शॉकअप धरून ठेवणाऱ्या वरच्या-खालच्या पकडींत) पिळले जातात. म्हणजे दोन्ही नळ्या सरळ असतात, पण एकमेकींना समांतर राहत नाहीत. हे बघायला काचवाल्याकडून हातभर काचेची पट्टी घेऊन या. वरच्या आणि खालच्या टी च्या मधल्या भागात दोन्ही नळ्यांवर ती आडवी टेकवा. काच चारही ठिकाणी टेकली तर ठीक, एका कोपऱ्यावर डगडगली तर पीळ आहे. पीळ काढायला पैसे लागत नाहीत. एक्सल, एक्सलचा पिंच बोल्ट (एक्सल पकडून ठेवणारा), मडगार्ड आणि खालच्या टीचे बोल्ट ढिले करा. वरची टी सर्वात शेवटी, तीही गरज पडली तरच. चाक हँडलशी सरळ आणा, खालची टी टॉर्क रेंचने आवळा, एक्सल आवळा, मग गाडी जमिनीवर आणून ब्रेक धरून पुढचा भाग चार-पाच वेळा खाली दाबा आणि पिंच बोल्ट सगळ्यांत शेवटी आवळा. पिंच बोल्ट आधी आवळला तर शॉकअपचा एक पाय जागच्या जागी अडकतो आणि सस्पेन्शन कडक वाटतं. मग लोक कार्ट्रिजचे पैसे भरतात.

नळी खरंच वाकली आहे का, हे कळायला ती बाहेर काढून लेथवाल्याकडे सेंटरवर फिरवून डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं मोजमापाचं यंत्र) लावायचा. वाकलेली नळी सरळ करून देतो म्हणणारे भेटतील. रस्त्याच्या गाडीला मी कधीमधी ते मान्य करतो, ट्रॅकच्या गाडीला नाही.

तिथेच उभे आहात तर फ्रेमही बघून घ्या. आरसीची फ्रेम स्टीलच्या नळ्यांची जाळी आहे, हे आपल्या फायद्याचं, कारण वेल्डजवळ रंग तडकलेला असेल तर डोळ्यांनी दिसतो. कोनसेटच्या नळीभोवती टॉर्च मारून बघा. हँडल पूर्ण वळल्यावर जिथे अडतं ते दोन्ही बाजूंचे लॉक स्टॉप बघा. एक दबलेला किंवा नव्याने वेल्ड केलेला असेल तर गाडी जोरात पडली आहे, मग जुना मालक काहीही सांगो.

आता ब्रेक. लिव्हर ठोके देत असेल तर डिस्क वाकलीच असं समजू नका. बऱ्याचदा पॅडचा थर डिस्कवर काही ठिकाणी जाड बसलेला असतो. ब्रेक क्लीनर आणि बारीक एमरीने साफ करा, कॅलिपर उतरवून चारही पिस्टन सारखे बाहेर येतात का ते बघा. एखादा अडकतोच. त्यानंतर डायल गेज लावा. रन-आऊटचा (डिस्क फिरताना डगमगण्याचा) काटा पाव मिलिमीटरच्या वर गेला तर मी डिस्क ठेवत नाही. जाडीची किमान मर्यादा डिस्कवरच कोरलेली असते, ती वाचा.

ब्रेक ऑइल न विचारता बदला. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतला ओलावा शोषून घेतल्यावर प्रमाणाप्रमाणे तीच मर्यादा १५५पर्यंत खाली येऊ शकते. चेन्नईच्या उन्हात सलग फेऱ्या मारताना कॅलिपर तापतो, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, आणि लिव्हर हँडलला टेकतो. डॉट ५.१ची मर्यादा २६० आणि १८०. दोन्ही ग्लायकॉलवरचे असल्याने एकमेकांना चालतात. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं आहे, आकडा जवळचा दिसला म्हणून ते घेऊ नका. एबीएस युनिट अजून गाडीवर असेल तर हवा त्यात अडकून बसते. हाताने कितीही पंप केलं तरी लिव्हर पोचट राहतो, तेव्हा स्कॅनर असलेल्या गॅरेजात युनिट चालवून एअर काढून घ्या.

टायरबद्दल लांबण लावत नाही. बाजूच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. रेसरने विकताना गाडीवर सोडलेले टायर हे त्याने स्वतःसाठी नको ठरवलेले टायर असतात. नवे घ्या. पुढे ११०/७०, मागे १५०/६०, दोन्ही १७ इंची, एकाच कंपनीची जोडी. स्लिक (बिननक्षीचे रेसिंग टायर) नको. टायर वॉर्मर नाही आणि ट्रॅक नवीन, अशा माणसाला रस्त्यावरचा चांगला स्पोर्ट टायर जास्त सांभाळून घेतो. आयात केलेली जोडी घेतली तर तुमच्या बजेटचा मोठा घास इथेच जाईल, आणि तो जाऊ द्या.

आता टकटक. ३७३ सीसीचं हे सिंगल इंजिन तसंही शांत नाही. इंजेक्टरचा टिकटिक आवाज असतोच, आणि फेअरिंगच्या पोकळीत तो मोठा होतो. लांब स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून जागा शोधा. इंजेक्टरवर आवाज मोठा असेल तर गाडीला काही झालेलं नाही. हेडच्या कव्हरच्या एका बाजूला, गार इंजिन सुरू करताना खडखड येऊन काही क्षणांत थांबत असेल तर टायमिंग चेनचा टेन्शनर. गरम झाल्यावरही एकसारखी टिकटिक राहत असेल तर टॅपेट मोजायचे. ते इंजिन पूर्ण गार असताना, रात्रभर उभ्या गाडीवर, मॅन्युअलमधल्या आकड्यांशी ताडून. आणि लक्षात ठेवा, आवाज करणारा टॅपेट एकवेळ परवडला. व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत गेल्याने ज्याचा गॅप संपलाय तो आवाज करत नाही, पण व्हॉल्व्ह जाळतो. म्हणून "आवाज नाही म्हणजे टॅपेट ठीक" हा सल्ला मी ऐकत नाही.

पिस्टन किटच्या आधी लीकडाऊन टेस्ट करून घ्या. साधा कॉम्प्रेशन गेज या इंजिनावर फसवतो, कारण स्टार्टरवर फिरवताना डिकॉम्प्रेसर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडा उघडा धरतो आणि आकडा कमी येतो. तो आकडा बघून कुणी "पिस्टन गेला" म्हणेल. लीकडाऊनमध्ये पिस्टन वरच्या टोकाला ठेवून प्लगच्या भोकातून हवा भरतात आणि किती टक्के गळते ते बघतात. टक्क्यांहून महत्त्वाचं म्हणजे हवा कुठून फुसफुसते. एअरबॉक्समधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, क्रँककेसच्या ब्रीदर पाइपमधून आली तर रिंगा, आणि रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यात बुडबुडे दिसले तर हेड पॅकिंग. दहा टक्क्यांच्या आत असेल तर इंजिनाला हात लावू नका. वीसच्या वर गेलं तर खोलायचं, पण तेव्हा काय शोधतोय ते तुम्हाला आधीच माहीत असेल.

ऑइल काढाल तेव्हा फिल्टर कापून कागद उलगडा. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर राखाडी मलमासारखा थर चालतो, चकाकणारे पापुद्रे चालत नाहीत. वॉटर पंपाखालचं छोटं भोक बोटाने पुसून बघा, तिथे ओल असेल तर सील गेलेलं आहे. रेडिएटरमधलं हिरवं-निळं कूलंट पूर्ण काढा. ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं की पुसता पुसत नाही, म्हणून बहुतेक आयोजक ते चालवून घेत नाहीत. डिस्टिल्ड वॉटर भरा. आपल्याकडे गोठण्याची भीती नाही, उकळायची आहे, आणि ती काळजी झाकणाचा दाब घेतो. म्हणून झाकणाचं रबर तपासा, पंखा सुरू होतो का ते गाडी उभी ठेवून बघा.

गिअरबॉक्स खोलू नका. निदान आत्ता तरी. तुमच्या वर्णनातली महत्त्वाची गोष्ट मला वाटते ती म्हणजे रेसिंगचे फूटरेस्ट. गिअर शाफ्टवरचा छोटा आर्म आणि त्याला जोडणारा रॉड यांच्यात साधारण काटकोन हवा. फूटरेस्ट बदलताना किंवा पडल्यावर हा कोन बिघडतो, मग पायाची हालचाल पूर्ण झाली तरी शाफ्ट पूर्ण फिरत नाही आणि गिअर अर्धाच बसतो. रॉडच्या टोकाचे बॉल जॉइंट हलवून बघा, ढिले असतील तर बदला. क्लच केबलचा प्ले आणि चेनची ढील मॅन्युअलप्रमाणे करा. चेन एका जागी घट्ट, दुसऱ्या जागी ढिली असेल तर चेन-स्प्रॉकेट सेटच बदलायचा. आणि गिअर पॅटर्न उलटा केला आहे का ते बघा. रेसर लोक पहिला वर आणि बाकीचे खाली ठेवतात. तुमच्या पायाला ती सवय नसेल तर गाडी निर्दोष असूनही तुम्हाला तिचा दोष वाटत राहील. क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर टाकू देणारं यंत्र) असेल तर काही दिवस बंद करून क्लचने गिअर टाकून पाहा. एवढं करून, पाचव्यावरून सहाव्यात सावकाश आणि ठामपणे टाकताना तरी न्यूट्रल लागत असेल, तेव्हा शिफ्ट फोर्क (गिअर सरकवणारे काटे) आणि गिअरच्या डॉगचा (गिअर एकमेकांत अडकवणाऱ्या दातांचा) विचार करू.

वायरिंगला एक संध्याकाळ द्या. साइड स्टँड काढलेल्या गाडीत त्याचा स्विच कुणीतरी जोडून टाकलेला असतो, आणि तो जोड बऱ्याचदा चिकटपट्टीचा असतो. पट्टी काढा, सोल्डर करा, श्रिंक स्लीव्ह चढवा. गाडी पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर त्याच्या मूळ दिशेने बसलाय ना ते बघा. तो आडवा लावलेला असला तर गाडी वळणात बंद पडते आणि तुम्ही इंजिनाला पेट्रोल पाठवणाऱ्या पंपावर संशय घेत बसता.

लॉक वायर, म्हणजे बोल्ट ढिले होऊ नयेत म्हणून बांधायची तार, अजून कुणी सांगितलेली दिसत नाही. ड्रेन बोल्ट, ऑइल फिल्टरचं कव्हर, ऑइल भरायचं झाकण आणि कॅलिपरचे बोल्ट यांना ०.८ मिलिमीटरची स्टेनलेस वायर बांधायची. बोल्टच्या डोक्याला दीड मिलिमीटरचं भोक पाडताना आधी पंच मारा, थेंबभर ऑइल टाका, घाई केली तर ड्रिल तुटून आतच राहतं. वायर अशी पिळा की बोल्ट ढिला व्हायला गेला तर वायर त्याला आवळायच्या दिशेने ओढेल. खालचं फेअरिंग ऑइल धरून ठेवणारं, बिनभोकाचं हवं. भोक असलंच तर रबरी बूच लावलेलं. आयोजकांच्या नियमांचा कागद आधीच मागवून घ्या, प्रत्येकाची तपासणी थोडी वेगळी असते.

कागदपत्रांबद्दल एवढंच. चेसिस आणि इंजिन नंबर नोंदणीच्या आरसी बुकाशी जुळवा, कर्जाचा बोजा उतरलाय का बघा. गाडी पुन्हा रस्त्यावर आणायचा विचार असेल तर तमिळनाडूच्या आरटीओची एनओसी आत्ताच मागा, वर्षभराने तो रेसर फोन उचलणार नाही. आणि नेहमीच्या मोटार विम्यात रेसिंग आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. ट्रॅकवरची पडझड तुमच्या खिशातून. चेन्नईला गाडी चालवत न्यायचा प्रश्नच नाही, टेम्पोत दोन-तिघे मिळून न्या.

पैशांचा क्रम मी असा लावीन: टायर, ब्रेक ऑइल आणि पॅड, कोनसेट, शॉकअपचं ऑइल आणि सील, चेन सेट लागला तर तो, मग टॅपेट आणि लीकडाऊनची मजुरी. ही गाडी चाकणलाच बनलेली, त्यामुळे मूळ पार्टासाठी पुण्यात फार धावाधाव करावी लागत नाही. तरी कोनसेट आणि सील आजच मागवून ठेवा. उरले तर क्रॅश प्रोटेक्शन आणि एक जादा ब्रेक-क्लच लिव्हर. कार्ट्रिज आणि डॅम्पर पुढच्या हंगामात, तेव्हा तुम्हाला ते नेमके कशासाठी हवेत हे सांगता येईल.

चेन्नईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे आणि त्यात वेगवान वळणं आहेत. पहिल्या सेशनमध्ये गाडी तपासायची, फेरीला लागणारी वेळ नाही. सेशन संपवून आत आलात की हेल्मेट काढायच्या आधी टायरचा गरम दाब घ्या आणि वहीत लिहा. मग डिस्क, एक्सल नट, कॅलिपरचे बोल्ट, फूटरेस्टचे बोल्ट, ऑइलची पातळी. बोल्टवर आदल्या रात्री मार्करने रेघ मारलेली असली की हे काम पाच मिनिटांत होतं. शेजारच्या पिटमध्ये आरसी असेल तर तिच्या मालकाकडे जाऊन दाब विचारा, पण गार की गरम, आणि तो किती वजनाचा आहे, हेही विचारा.

कोनसेटची खाच आणि काचेच्या पट्टीचा निकाल या शनिवार-रविवारी काढता येईल, त्याला पैसे लागत नाहीत. जे दिसेल ते आणि लिव्हर ठोके देतो की नाही ते लिहून पाठवा. नळ्या बाहेर काढाव्या लागल्याच तर शॉकअपचं ऑइल तुमच्या वजनाप्रमाणे कुठलं आणि किती भरायचं ते तेव्हा ठरवू. वजन मात्र जॅकेट, बूट आणि हेल्मेटसकट करून ठेवा.